गोटीरामबाबांच्या बांधावरून

गावात साधी काडेपेटी आणायला गेलं तरी तिच्याबरोबर एक किस्सा घरी येतो. डोंबिवलीत अर्धं आयुष्य दुकानांच्या पायऱ्या चढले, पण त्यातला एक प्रसंग आठवत नाही. इथे एवढ्यातच इतके साठलेत की भेटायला येणाऱ्यांना चहाबरोबर तेच वाढते. मंडळी पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू का, प्रत्येक किस्सा घडताना मी घाबरलेली असते.

त्याचं कारण आधी सांगते. रिटायर झाल्यावर आम्ही धसईच्या पुढे एका लहानशा गावात घर विकत घेतलं. आम्ही म्हणजे मी आणि साहेब. साहेब म्हणजे माझा नवरा. गावाने पहिल्याच दिवशी त्यांना साहेब केलं, मग मीही तेच म्हणायला लागले. घराचे कागद एकदम क्लिअर. फक्त डांबरी रस्त्यापासून आमच्या अंगणापर्यंत यायचं तर गोटीरामबाबांच्या भातशेताच्या बांधावरून यावं लागतं, आणि ही वाट कुठल्याच कागदावर नाही. घर घेताना दलाल म्हणाला होता, "गावात कोन कोनाची वाट अडवतं का?" आम्ही भोळे, हो म्हणालो. नंतर बाबांना विचारायला गेलो, तर त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "बघू." पुढे दर वेळी विचारलं तरी तेच, "बघू."

उद्या बाबांनी बांध बंद केला तर आमचं घर म्हणजे बेट. आणि गावात दुकान एकच, तेही बाबांच्या ओटीवर, त्यांची सून सुनंदा चालवते. त्यामुळे मी मीठ आणायला निघाले तरी इंटरव्ह्यूला निघाल्यासारखी निघते.

*

पहिल्या महिन्यात आम्ही सगळं वाणसामान मुरबाडहून भरून आणलं. एसटीतून उतरलो तर समोर सुनंदाचं दुकान. इथे 'कसे आहात' असं फार कुणी विचारत नाही, 'काय आनलं?' असं विचारतात. सुनंदाने सरळ पिशवीत डोकावून पाहिलं.

"मुरबाडची साखर जास्ती गोड लागते का वो काकी?"

मागे बाबा बसलेले. त्यांनीही मान लांब करून पिशवीत पाहिलं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तेव्हापासून साखर, चहा, तेल, साबण सगळं सुनंदाकडून. तिच्याकडे नसतं ते साहेब मुरबाडहून आणतात आणि पिशवीत वर झाकायला मेथीच्या जुड्या रचून ठेवतात. आम्हाला वाटलं, जमलं.

परवा सुनंदा हळूच म्हणाली, "काकी, साहेबांना सांगा, यवढी मेथी पोटाला बरी नाय."

*

साहेबांना घासाघीस करायची भारी हौस. धसईच्या बाजारात एक म्हातारी करटोली घेऊन बसली होती. तिच्याशी त्यांनी असा काही वाद घातला की शेजारचे भाजीवाले आपला धंदा सोडून ऐकत बसले. शेवटी म्हातारी कंटाळली. "न्या बाबा, न्या," म्हणाली. साहेब जिंकले!

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली. बांधावर बाबा उभे होते. पिशवीकडे बघून म्हणाले, "करटोली चांगली हायेत ना? माझ्या बहिनीची हायेत. मघाच फोन आल्ता तिचा."

साहेबांना ती भाजी गोड लागली नाही. मी तर ताटात घेतलीच नाही.

*

मग अंड्यांचं प्रकरण. सुनंदाच्या अंगणात कोंबड्या, म्हणून मी गावठी अंडी विकत मागितली. ती म्हणाली, "इकायला नायत." मी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर एका वाडग्यात अंडी!

फुकट कसं घ्यायचं? भांडं रिकामं परत करू नये, एवढं आईने शिकवलेलं. मी वाडगा भरून बेसनाचे लाडू पाठवले. दोन दिवसांनी वाडग्यातून वालाच्या शेंगा आल्या. मी खारी शंकरपाळी पाठवली. तर एका सकाळी दाराशी पाय बांधलेला जिवंत कोंबडा. साहेब पायरीवर बसले, कोंबडा त्यांच्याकडे बघतोय, ते कोंबड्याकडे बघतायत. आता याच्या तोडीचं आपण काय देणार? आणि कमी पडलं तर बाबा काय म्हणतील?

सुनंदाचा नवरा दत्तू मोटारसायकलवरून कंपनीत निघाला होता. त्याने गाडी थांबवली.

"काकी, आता थांबा. नायतं पुढच्या टाइमाला बकरा येल."

*

एवढ्या काळज्यांनी साहेबांचं बीपी वाढलं. मी ऑनलाइन बीपीचं मशीन मागवलं. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही. पार्सल धसईला उतरतं, मग येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून सुनंदाच्या दुकानात येतं. चार दिवस झाले तरी पत्ता नाही, म्हणून मी विचारायला गेले. खोका उघडा. ओटीवर बायकांची रांग, आणि प्रत्येकीची बाही वर.

"मशीन चांगली हाये," सुनंदा म्हणाली. "आख्ख्या आळीचा बघला. बाबांचा तेवढा जास्ती निघला."

दत्तू मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, रागावू नका. तुमी वाटेचं इचारता ना, त्या दिवशी बाबा जेवत नायत."

मला एकदम रडू आलं. आम्ही विचारणं बंद केलं. पण न विचारता झोप कशी यायची?

*

यंदा पेरणीच्या आधी बाबांनी शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला कुंपण घालायला घेतलं. बाबा आणि दत्तू पहारीने खड्डे करतायत, लाकडी मेढी रोवतायत, आणि एकेक मेढ आमच्या वाटेकडे सरकतेय. साहेब खिडकीतून बघत होते. म्हणाले, "संपलं." मी चहा केला. बांधावर नेऊन दिला.

वाटेपाशी येऊन बाबांनी मध्ये जागा सोडली. मला हायसं वाटलं. पण बाबांच्या मनासारखं झालेलं नव्हतं. त्यांनी दोन लांब बांबू मागवले. एका टोकाला स्वतः आणि दत्तू, दुसऱ्या टोकाला शेजारचे दोघे. बांबू खांद्यावर घेऊन चौघे त्या जागेतून चालले. दत्तूचं कोपर मेढीला घासलं.

"अडतंय," बाबा म्हणाले.

"काय अडतंय बाबा?" मी विचारलं.

"तिरडी." त्यांनी बांबू खाली ठेवला. "येकटा मानूस कुठूनबी घुसतो. चौघं खांदा देऊन सरळ जातील, तिला वाट म्हनतात."

तोवर साहेब घाईघाईने चपला अडकवून येऊन पोचले होते. "कोणाची तिरडी?" त्यांनी विचारलं.

बाबांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. मग दत्तूला म्हणाले, "साहेब आडव्या अंगाचे हायेत रे. उपट ती मेढ, हातभर लांब घे."

दत्तूने मेढ उपटली.