कागदांवर ठेवलेला पंप

शहागडच्या सपाट रस्त्यावर तो रोज सायकलवरून दूध न्यायचा. दांडीला हवा भरायचा पितळी पंप बांधलेला असे. कुणाचं चाक बसलेलं दिसलं की तो उतरायचाच. मलाही अडवायचा. "थांबा गुरुजी. एवढी जल्दी कशाची? शाळा काय पळून चालली?"

एका वर्षी आमच्या गावाने सायकल शर्यत ठेवली. गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं होतं. पुलाजवळ पोचलेल्याच्या मनगटावर शाईचा शिक्का मारायचं काम माझ्याकडे होतं. इतक्यात कोणी येत नाही असं धरून मी समोरच्या हॉटेलात चहाला गेलो. परतलो तर टेबलावरचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पितळी पंप ठेवलेला होता. शर्यतीतही तो आपला पंप दांडीला बांधूनच निघाला होता.

गावात तो सगळ्यांच्या आधी पोचला, पण मनगट कोरं होतं. मी पुलावरून परतल्यावर पंचांनी मला विचारलं.

"मी जागेवरच होतो. हा आला नाही," मी म्हणालो. पंप माझ्या पिशवीत होता.

त्याने रिकाम्या दांडीकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. "गुरुजी म्हणून राह्यले, तर न्हाई आलो असंन."

पुढच्या आठवड्यात माझं चाक बसलं. तो उतरला, कुणाचा तरी पंप मागून आणला आणि हवा भरून दिली. आपला पंप त्याने मागितला नाही. मीही दिला नाही.

तो पुलापर्यंत आला होता. मीच जागेवर नव्हतो.