मी वाढवलेली लय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

आमच्या बिबवेवाडीच्या ढोलपथकात मी ताशा वाजवते. ताशाने लय धरायची, ढोलांनी तिच्यामागे जायचं — त्यामुळे आमच्या तोऱ्याला काही कमी नसते. पूर्वी पथकात सगळे आमच्याच गल्ल्यांतले. त्या वर्षी पहिल्यांदाच बाहेरचे आले. त्यांच्यात एक प्रज्ञा, अमरावतीकडची, हडपसरला कारखान्यात कामाला.

जुने पुढे आणि नवे मागे असं नको, प्रत्येक नव्याशेजारी एक जुना उभा करा, हे नंदूदादाला — आमच्या पथकप्रमुखाला — तिनेच सुचवलं. आणि काय सांगू, पथक असं वाजायला लागलं! एकमेकांचं तोंड न बघणारेही सरावानंतर गप्पा मारत रेंगाळायला लागले. कुणाभोवती? तिच्याभोवती. इतकी वर्षं मी पथकात, आणि ही मलाच विचारायची, "ताई, काऊन गप बसून राहिली वो?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मिरवणुकीआधीचा शेवटचा सराव होता. दादा समोर उभा राहून बघत होता. आणि मी — कसं सांगू? — वादन ऐन रंगात आलं असताना मी लय वाढवली. मुद्दाम. नवे गडबडले, त्यांच्यामुळे शेजारचे जुनेही गडबडले, सगळ्यांचा ठेका फुटला.

सगळ्यांचा? नाही. एक ढोल शेवटपर्यंत माझ्याबरोबर होता. प्रज्ञाचा. ती माझ्या हातांकडे बघत वाजवत होती. तिला कळलं होतं.

कोण चुकलं, दादाने विचारलं. ताशावर कोण संशय घेणार? मी तिचं नाव घेतलं. वर म्हटलं, "सरमिसळ केली की असंच व्हायचं."

तिने कमरेचा ढोल सोडून ठेवला आणि गेली, ती परत आलीच नाही. हळूहळू बाहेरचे सगळेच गेले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? आता पथकात पुन्हा सगळे आमचेच. सराव संपला की जो तो गाडीला किक मारतो.

परवा दादाने विषय काढला, यंदा पुन्हा बाहेरच्यांना घ्यायचं का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "नको. मागच्या वेळी काय झालं, विसरलात का?"