पांढरी कापडं आणि बंद दार

दातांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही झोपेत दात खाता का?"

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार. घरी येऊन आईला विचारलं. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर एकाच खोलीत असतो, त्यामुळे आम्ही दोघी तिथेच झोपतो.

"खाते ना," आई म्हणाली. "करकर आवाज येते. मले वाटलं, तुले जंत झाले."

दोन दिवस ती मला सकाळी वावडिंगाचं पाणी का देत होती, ते तेव्हा कळलं. जंत नव्हते. डॉक्टरांच्या मते ताण होता. कशाचा, ते मी त्यांना नीट सांगू शकले नाही. ब्लाउज शिवते, एवढंच बोलले. ते हसले नाहीत, पण ब्लाउजचा ताण त्यांना फारसा पटला नसावा.

खरं म्हणजे शिवण्याचा ताण मला कधीच आला नाही. कापड कापताना माझं डोकं शांत असतं. थकायला व्हायचं ते दारामुळे. आमच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत. एक माझी, आणि एक पलीकडच्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, रोज येणाऱ्या छत्तीसगढी दीदीची; आम्ही एकमेकींना दीदीच म्हणतो. या खोलीचं दार सरळ गल्लीत उघडतं. रायपूरच्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं विदर्भातून आलेल्या मराठी लोकांची, कोणाचे वडील रेल्वेत होते, कोणाचे सरकारी ऑफिसात. त्यामुळे माझ्याकडे येणारी बाई गिऱ्हाईक नसतेच. ती कोणाची तरी मावशी असते, किंवा आईची विहारातली मैत्रीण. भाजी घ्यायला निघालेली बाई जाता जाता गळा किती खोल ठेवायचा ते सांगायला येते आणि बसते. ती बसली की आई चहा ठेवते. चहा झाला की तिच्या सुनेचा विषय निघतो. मी हातात कात्री धरून मान हलवत राहते. मला मध्येच 'आता जा' म्हणता येत नाही. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी खाली बघायचे, तसंच हे.

मी फोनवर व्हिडिओ बघून खूप उपाय केले. पाचला उठून पाहिलं. कामांची यादी करून भिंतीला लावली, तर एका काकूंनी ती मोठ्यानं वाचून काढली आणि कोणाचं ब्लाउज त्यांच्या आधी आहे यावर रुसून गेल्या. पंचवीस मिनिटांचा टायमर लावून काम करून पाहिलं. तो वाजला की समोर बसलेली बाई म्हणायची, "उचल ना वं फोन, मी थांबते."

त्याच सुमारास मामानं नवा रायपूरच्या एका ऑफिसातली कंत्राटी नोकरी सुचवली होती. कॉम्प्युटरवर बसायचं काम. मी एकदा ती जागा बघून आले. रुंद रस्ते, फारशी माणसं नाहीत, आणि आत जायचं तर गेटवर नाव सांगावं लागतं. मला ते गेट फार आवडलं. बुद्धपौर्णिमेनंतर उत्तर देते, असं मी मामाला कळवलं. आईला नोकरीचं सांगितलं आणि म्हटलं, असंच चालणार असेल तर मी मशिनी विकून टाकणार आहे. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

पौर्णिमेला विहारात सगळ्या बायका पांढऱ्या साडीत जातात. त्या वर्षी महिला मंडळाच्या बहुतेकींची ब्लाउजं माझ्याकडे आली. सुती कापड आधी पाण्यात भिजवून घ्यावं लागतं, नाही तर शिवल्यावर आटतं. प्रत्येक पीसला मी नावाची चिठ्ठी टाचते. भिजवताना चिठ्ठी काढून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घालते, प्रत्येकीचा रंग वेगळा. एका सकाळी हे काम घेऊन बसले आणि दारात एकीमागून एक बायका येत गेल्या. दुपारपर्यंत मी सुईत दोराही ओवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर मागच्या अंगणात दोरीवर सगळी पांढरी कापडं ओळीनं वाळत होती. आई बादली उपडी करत होती.

"तुले वेळच भेटत नाही," ती म्हणाली. "म्हणून मीच भिजवून टाकले सारे. थोडी नीळ पण टाकली, चमकून राहिले, पाह्य कसे."

"आई, चिठ्ठ्या?"

"टेबलावर ठेवल्या ना नीट. भिजल्या असत्या."

चिठ्ठ्या खरंच नीट होत्या. एकावर एक रचून वर कात्री ठेवलेली, उडू नयेत म्हणून.

तेवढ्यात दीदी आली. ती दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "सब एके जइसे दिखत हे, दीदी."

तोंड उघडलं असतं तर मी रडले असते. कापडं उतरवून आत आणली, पुढच्या खोलीत पसरली आणि दाराला आतून कडी लावली. थोड्याच वेळात कडी वाजली. महिला मंडळाच्या अध्यक्ष मावशी होत्या. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ओळखू येतो.

"अवं, दार काहून बंद? बाहीचं सांगाचं होतं!"

आई स्वयंपाकघरातून आली. "उघड ना वं."

"नाही," मी म्हटलं.

मी आईला असं कधी म्हटलेलं तिला आठवत नसावं. मावशींनी आणखी दोनदा कडी वाजवली आणि त्या गेल्या. आई हळू आवाजात म्हणाली, "उन्हात आल्या होत्या त्या. दारातून वापस पाठवलं आपण. आता मी विहारात तोंड कसं दाखवू?" आणि आत निघून गेली.

मग कित्येक दिवसांत मिळाली नव्हती अशी शांत सकाळ मला मिळाली. दीदी आणि मी कापडं मोजली. उंच, धिप्पाड बायकांनी मीटरभर कापड दिलं होतं, बारक्या बायकांनी त्याहून कमी. काहींचं साडीतलंच कापलेलं होतं, त्याला पांढऱ्यावर पांढरी बारीक रेघ होती. बोटांना काही जाड लागत होती, काही झिरझिरीत. जेवणाच्या आत निम्म्यांची ओळख पटली. उरलेली सगळी ब्लाउजची साधी सुती रुबिया होती, जवळजवळ सारखी. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'भिजवताना कापडांची अदलाबदल झाली आहे. आज चार वाजता सर्वांनी येऊन आपापलं ओळखून घ्यावं.' पाठवायच्या आधी तो मेसेज कितीदा वाचला, माहीत नाही. चूक कोणाची, ते लिहिलं नाही.

चार वाजता सगळ्या आल्या. एवढ्या उन्हात, डोक्यावर ओले रुमाल घेऊन. खोलीत बसायला जागा उरली नाही. मी भिंतीला टेकून, गळ्यात टेप अडकवून उभी राहिले.

"माझं पीस एकदम मऊ होतं. सदर बाजारातून आणलं, भाव न करता."

"भाव न करता? तू?"

"थे निळसर दिसून राहिलं ना, थे माझं."

"सारेच निळसर हाय बाई. कोणी एवढी नीळ टाकली का माहीत."

आत कपबश्या जरा जोरात वाजल्या. आई ट्रे घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मीच भिजवले. पोट्टीची काही चूक नाही." तिचा चेहरा उतरला होता. कोणीतरी काहीतरी लागेल असं बोलणार, अशी मला भीती वाटत होती.

अध्यक्ष मावशींनी चहा घेतला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "बरं झालं ना मग. या निमित्तानं साऱ्या वेळेवर आल्या. मीटिंगले तं एक येत नाही." मग शेवटच्या दोन पीससाठी भांडणाऱ्या दोघींकडे वळल्या. "तिचं कापड तुझ्या अंगावर आलं, तं तिच्यासारखी घोरशील का तू? घे कोणतं पण!"

त्या दोघी हसल्या आणि कोणतं पण घेतलं. त्याच बैठकीत बाह्या, गळे, पाठीवरच्या गाठी, लेस सगळं ठरलं. तेच बोलायला त्या एकेकट्या आल्या असत्या तर माझ्या तीन सकाळी गेल्या असत्या. आणि 'चार वाजता काहून बोलावलं' असं एकीनंही विचारलं नाही. वेळ सांगितली तर बायका रुसतील, ही भीती फक्त माझ्या मनात होती. आणि आईच्या.

पौर्णिमेपर्यंत सकाळी दार बंद राहिलं. कापडांचा घोटाळा झाला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी रागावलं नाही. ब्लाउजं वेळेत गेली. पौर्णिमेला विहारात पांढऱ्या रांगांच्या मागे बसून मी पाठीवरच्या गाठी बघत होते. सगळ्या सरळ होत्या.

पण घोटाळा संपला होता, आणि आता दार बंद ठेवायला कारण उरलं नव्हतं. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "सकाळी दार बंद राहिलं तर मी हे काम करीन. नाही तर उद्या मामाला हो म्हणते."

"लोक काय म्हणतील, घरी आलेल्याले काम सांगून हाकलते?"

"मला हाकलता येत नाही. तुला माहीत आहे."

आईनं साडीची घडी घातली, ती कपाटात ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं.

दुसऱ्या सकाळी मी आणि दीदी मशीनवर बसलो होतो. कडी वाजली. मी उठायच्या आत आई बाजूच्या दारानं बाहेर गल्लीत गेली. मी खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला. अध्यक्ष मावशीच होत्या, हातात पिशवी.

"पोट्टी कुठं हाय?"

आईनं बंद दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ध्यानाले बसली."

"आता?"

"रोज बसते. जेवणापर्यंत. चार वाजता येजा, तुम्ही म्हणाल थे ऐकंन."

मावशींनी दाराकडे कान केला. "पण मशीनचा आवाज येऊन राहिला ना वं."

"हव," आई म्हणाली. "कोणी श्वासावर मन लावते, थे टाक्यावर लावते."

मावशींनी मान डोलावली. मग त्यांचा तो गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज एकदम कुजबुजीत आला. "बरं, बरं. उठवू नको. चार वाजता येतो मी." आणि चपलांचा आवाज होऊ न देता, पाय उचलून टाकत त्या गेल्या.

मामाला नाही म्हणायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. दीदीनं हसू आवरायला पदर तोंडात कोंबला होता आणि तिचं मशीन थांबलं होतं. मी तिला खुणेनं सांगितलं, चालू ठेव. आई अजून बाहेरच उभी होती, मावशी अजून गल्लीत होत्या, आणि आता मशीन बंद राहिलं असतं तर आई खोटी पडली असती.