एकटीने उठवायची होडी

सावळीरामच्या बायकोला पाण्याचं वेड आणि सावळीरामला पाण्याचा धसका. अशी जोडी जमवली कुणी म्हणाल, तर दोघांच्या आयांनी, विंचूरला कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात. पोरगी शिकलेली आहे, पोरगा सातपूरच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे, झालं की! पाण्याचं काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार?

लता गंगापूर धरणावर वाढलेली. वडील तिथल्या सरकारी लाँचवर खलाशी होते आणि ही पोरगी लाँचच्या टपावर बसून पाढे पाठ करायची. पुढे नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली, लग्न झालं, मैना झाली, इंदिरानगरात दोन खोल्यांचं घर झालं, आणि एवढं सगळं होऊनही बाईचं लक्ष धरणाकडेच. धरणाच्या पाण्यावर सातपूरच्या काही इंजिनियर मंडळींनी आणि देवळालीच्या फौजी साहेबांनी मिळून शिडाच्या होड्यांचा छोटासा क्लब काढला होता. लता तिथे शाळेची सहल घेऊन गेली, पोरींना झाडाखाली खिचडी खायला बसवलं आणि क्लबच्या सेक्रेटरींना म्हणाली, "मला एकदा बसू द्या." एकदा म्हणजे केवढं एकदा! त्यानंतर तिने रविवार चुकवला नाही. साडी नेसून जायची, तिथे पंजाबी ड्रेस चढवायची, ओढणी कमरेला करकचून बांधायची आणि क्लबची जुनी लाकडी होडी घेऊन एकटी निघायची.

लोक बोलायचे. बोलणारच, त्यांना दुसरा उद्योग काय? "सावळीराम, मास्तरीणबाई होड्या पळवतात म्हणे!" "पळवतात. तुमच्या तर नाही ना पळवल्या?" म्हणून सावळीराम पुढे चालू लागायचा. लोकांचं त्याला काडीचं वाटायचं नाही. त्याचं दुखणं निराळं होतं. लहानपणी गावच्या विहिरीतून बाहेर काढलेला एक माणूस त्याने बघितला होता. तेव्हापासून पाणी गुडघ्याच्या वर गेलं की हा उलटा काठाकडे पळायचा. रविवारी तो लुनावर लताला धरणावर सोडायचा, मैनाला घेऊन काठावर बसायचा आणि शीड टेकडीआड गेलं की तिला विचारायचा. "दिसते का गं तुझी आई?" "बाबा, आत्ताच तर गेली!"

त्र्याऐंशी साली क्लबची जुनी लाकडी होडी मोडीत निघाली, त्याच सुमारास देवळालीच्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या दोन कॅटामरान विकायला निघाल्या. कॅटामरान म्हणजे शेजारी शेजारी दोन निमुळत्या होड्या, मध्ये ताणून बांधलेलं जाड कापड आणि वर उंच डोलकाठी. सावळीरामची आई चंद्रभागाबाई बघायला आली होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बया! ही तर दोन होड्यांवर बाज टाकलीय. यावर बसायचं का झोपायचं?"

दोनपैकी एक लहान होती. हलकी, चपळ, एका माणसापुरती. दुसरी मोठी, ऐसपैस, चौघं मांडी घालून बसतील अशी. लताला एकीतच दोन्ही हवं होतं. वर्षातून एकदा धरणावर एकट्याने होडी हाकायची शर्यत व्हायची, त्यात तिला उतरायचं होतं. आणि एरवी सासूबाई, मैना आणि आपला नवरा यांना घेऊन पाण्यावर जायचं होतं. "चौघं मिळून जाऊ. डबा नेऊ. तुम्ही मधोमध बसा, डोळे मिटून बसा हवं तर."

आता इथे सावळीरामने जे केलं ते काही शोभण्यासारखं नव्हतं. त्याने सेक्रेटरींना बाजूला घेऊन विचारलं, "मोठी उलटली तर?" सेक्रेटरी निवृत्त मेजर, सरळ माणूस. त्यांनी सांगितलं की उलटली की शीड पाण्यात आडवं पडतं. मग खालच्या होडीवर उभं राहायचं, वरच्या होडीवरून दोर टाकायचा, तो धरून मागे रेलायचं, आणि अंगाच्या वजनाने होडी उठवायची. जो एकट्याने उठवून दाखवेल त्यालाच क्लब एकटं सोडतो. "लहान होडी बाई सहज उठवतील. मोठी नाही उठायची. वजनच नाही त्यांना."

झालं! सावळीरामच्या मनात लख्ख उजेड पडला. मोठी घेतली की लता कधी एकटी जाणारच नाही. सोबत क्लबचं कुणीतरी दणकट माणूस असेलच. घरी येऊन त्याने साळसूदपणे सांगितलं, "मोठीच घेऊ. मैनाला बसता येईल, आईला बसता येईल. मीसुद्धा बसेन एखाद वेळेस." लताचे डोळे भरून आले. हा माणूस, भरल्या पिंपाशी जायला कचरणारा, आपल्यासाठी होडीत बसायचं म्हणतोय! तिने एका शब्दाने वाद घातला नाही. मोठी घेतली.

परीक्षेच्या रविवारी काठावर बरीच माणसं जमली होती. लताने होडी मुद्दाम उलटवली, खालच्या होडीवर चढली, दोर धरला आणि मागे रेलली. शीड पाण्याला चिकटून बसलेलं. हात ताणून पाठ पाण्याला लागेपर्यंत रेलली, पाय घसरून पडली, पुन्हा चढली. डोलकाठी वीतभर उठायची आणि परत पाण्यात जायची. दमली, पण सोडेना. शेवटी मेजरसाहेबांनीच मोटारबोट नेली आणि तिला घेऊन आले. हात सोलवटून निघाले होते. "जमेल हो कधीतरी," ती म्हणाली, आणि सावळीरामकडे न बघता लुनावर मागे बसली.

सावळीरामच्या मनासारखं झालं. आता बाई रविवारी घरी. पापड लाटले, गोधड्या धुतल्या, सासूबरोबर विहारात गेली, मैनाची गणितं घेतली. स्वयंपाक तोच, बोलणं तेच, रुसवा नाही, फुगवा नाही. पण पूर्वी ही बाई भाकरी थापताना शिट्टी वाजवायची. चंद्रभागाबाई रोज ओरडायची, "बाईमाणसानं शिट्टी वाजवू नाय गं!" ती शिट्टी थांबली. होडी क्लबवर ताडपत्रीखाली पडून राहिली. चौघांनी जायचं नाव लता काढीना आणि सावळीरामला काढायला तोंड नव्हतं. रात्री शेजारी निजलेली बायको सुखरूप आहे, कोरडी ठणठणीत आहे, आणि तरी ह्याला झोप लागेना. सगळ्यांना कळत होतं. एकदा चंद्रभागाबाईच म्हणाली, "काय झालं हाय हिला? शिट्टी वाजव म्हणावं, मी नाय काही बोलत."

मग एका सकाळी मैना अंगणातल्या हौदातून दोरीने बादली ओढत होती. सावळीराम दात घासत बघत होता. बादली पाण्यात होती तोवर पोरीच्या एका हाताने सुळकन वर आली, आणि पाण्याबाहेर आली मात्र, पोरगी हौदावर वाकलीच! "बाबा, धरा!" सावळीरामने बादली धरली आणि तसाच उभा राहिला. त्याचा बाप विंचूरला दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकायचा. मोट पाण्यात असते तोवर बैलांना कळतसुद्धा नाही. पाण्याच्या वर आली की नाडा ताणतो आणि बैल छातीवर जोर घेतात. म्हणजे लताला वजन घरून न्यायला नकोच! वजन धरणातच भरलेलं आहे, हवं तेवढं.

सुचलं आणि त्याचं त्यालाच भ्या वाटलं. कारण आता गप्प बसायची सोय राहिली नाही. तिसऱ्या दिवशी जाड ताडपत्री घेऊन आला आणि आईपुढे टाकली. चंद्रभागाबाईने उभी हयात विंचूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या शिवल्या होत्या. "खांद्यावर घ्यायच्या पट्ट्याची पिशवी शिव. भरलं पाणी गळता कामा नये, आणि कितीही ओढलं तरी उसवता कामा नये," सावळीराम म्हणाला. "कशाला?" "लताला एकटीला पाण्यात जायचंय." म्हातारीने त्याच्याकडे नीट बघितलं, मग दाभणात सुतळी ओवली.

पुढच्या रविवारी लताने पुन्हा होडी उलटवली. खालच्या होडीवर उभं राहून पिशवी पाण्यात बुडवून भरली, तिचा पट्टा खांद्यावर घेतला, दोर धरला आणि मागे रेलली. पिशवी पाण्याबाहेर आली. लताने टाचा होडीवर रोवल्या. शीड सुटेना. मग कडेने जरासं सुटलं, त्याखालून पाणी ओघळलं, डोलकाठी हलली, हळूहळू उठली, आणि धाडकन होडी सरळ! लता पाण्यात पडली होती, ती कापडाला धरून वर चढली. काठावर टाळ्या पडल्या. मैना नाचत सुटली. मेजरसाहेबांनी हात वर करून खूण केली: पास.

लता काठाला आलीच नाही. तिने शीड भरून घेतलं आणि सरळ टेकडीकडे निघाली. एकटी. शीड लहान लहान होत आड गेलं. सावळीराम मटकन खाली बसला. मैनाने न विचारताच सांगितलं, "बाबा, येईल ती."

आली. उन्हं कलल्यावर आली, तोंडभर हसत. मेजरसाहेबांच्या मदतीने होडी ओढून वर घेतली आणि ओली पिशवी घेऊन सावळीरामशेजारी बसली. म्हणाली, "मोठी मला उठायची नाही, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं ना? मेजरसाहेब बोलले मघाशी."

सावळीरामने मान खाली घातली. "होतं."

"म्हणून मोठी घ्यायला लावलीत."

"हो."

"आणि मी वेडी! मला वाटलं, माझ्यासाठी होडीत बसायला तयार झालात." तिचा आवाज चढला. "नको जाऊस म्हणायचं होतं तोंडावर! भांडले असते मी!"

"भांडली असतीस आणि गेली असतीस."

"मग गेले असते! मग आता ही पिशवी कशाला शिवलीत?"

पाण्याकडे बघवत नव्हतं म्हणून सावळीराम तिच्या सोलवटलेल्या हातांकडे बघत राहिला. "तू घरी बसलीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, आता मला भीती नाही. पण मी तुला मुकलोच की गं. रोज समोर असून." "भीती आजही गेलेली नाही. टेकडीआड गेलीस तेव्हा मेलो होतो मी इथे. पण ती भीती माझी आहे, मी सांभाळीन. तू तुझं शीड सांभाळ."

लताने ओल्या हाताने त्याचा हात धरला. आजूबाजूला क्लबची सगळी मंडळी होती. सावळीरामने इकडे तिकडे बघितलं, आणि हात सोडवून घेतला नाही.