ठकी आठ वाजता हजर

पडदा वर जातो तेव्हा समोर एक भला मोठा हॉल दिसतो. भिंती काळ्या, छताला फिरणारे दिवे, कोपऱ्यात बाटल्यांनी भरलेली फळी आणि मधोमध नाचायची चकचकीत फरशी. गाणं दणदणत वाजतंय. फरशीवर एक माणूस पोछा मारतोय. आणि उजवीकडे उंच स्टुलावर, नवे बूट घालून, काजळ रेखून, कोट मांडीवर घेऊन एक मुलगी ताठ बसली आहे. बाकी हॉल रिकामा. रात्रीचे आठ वाजलेत.

ही माझी भाची ठकी, धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी जिथे ठेवाल तिथे गप्प बसायची, म्हणून ठकी. ती परदेशात शिकायला गेली, तिथली ही गोष्ट.

आमचं घर नाटकाचं. मी तोंडाला रंग लावून म्हातारी झाले, भावाने आयुष्यभर नाटकांचे दिवे सांभाळले. ठकी विंगेतल्या दिव्यांच्या पेटीवर झोपून वाढली. आमच्याकडे देवाधर्माचं फारसं कुणी बघत नसे, पण एक नियम कडक. पहिली घंटा व्हायच्या आत सगळे हजर. प्रयोग रात्रीचा असला तरी आम्ही संध्याकाळीच थिएटरात. उशिरा येणाऱ्याला जेवायला वाढायचे, पण त्याच्याशी बोलायचे नाहीत. ठकी हे दुधाबरोबर प्यायली होती.

तिकडे गेल्यावर वर्गातल्या दोन मुलींशी तिची जरा ओळख झाली. एक ताडमाड उंच, तिला ही मनातल्या मनात शिडी म्हणायची. दुसरी कुरळी. त्या म्हणाल्या, शुक्रवारी नाचायला ये, तिथेच भेटू. हॉलच्या दारावर पाटी होती, आठला उघडतो. ठकी आठला हजर. दहापर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही, तेव्हा ती मान खाली घालून खोलीवर आली. मध्यरात्री फोनवर निरोप आला, ‘कुठे आहेस?’ हिला वाटलं, वर आणखी चिडवतायत. हिने उत्तर लिहिलं, ‘येऊन गेले.’ तेवढंच. आमच्या घराण्याचा ताठा दुसरा काय?

असं चार-पाच वेळा झालं. मग ठकीने बापाला फोन करून सांगितलं, मला इथे कुणी विचारत नाही, मी परत येते.

भाऊ माझ्याकडे आला. “अक्का, तू जा. पंधरा दिवस राहा तिच्याजवळ. तुझं ऐकलं तर ठीक, नाहीतर दोघींचं परतीचं तिकीट एकदम काढतो.”

गेले. तिच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीखाली गरम पाण्याच्या नळ्या. दोरीवर वाळत घातलेले मोजे सोडले तर खोलीत माणूस राहतं याची खूण नव्हती. पोरगी वाळली होती. मी एक शब्द उपदेश केला नाही. पंधरा दिवस स्वयंपाक केला आणि जुन्या नटांच्या नकला करून दाखवल्या. ती हसायची, पण बॅग भरायचं थांबत नव्हती. शेवटचा शुक्रवार आला. शनिवारी सकाळी भावाला कळवायचं होतं.

“त्या तुझ्या नाचाच्या हॉलात मला घेऊन चल,” मी म्हटलं. “परदेशातलं नाइटलाइफ बघितल्याशिवाय मी काही मरणार नाही.”

“तिथे काही नसतं गं आत्या. सगळे उगीच बढाया मारतात.”

“नसेना का. रिकामं थिएटर मी पण पुष्कळ बघितलंय.”

मी जरीकाठाची साडी नेसले, वर तिचा जाड कोट घातला आणि आम्ही आठाच्या आत हजर. मीही त्याच घरची. मला तरी कुठे वेगळी अक्कल?

दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. आता नटाची एक खोड असते, जाईल तिथे आधी बुकिंग विचारतो. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. मी त्याला विचारलं, “काय, आज गर्दी कशी आहे?”

तो हसला. “आजी, गर्दी अकराच्या पुढे. तेव्हा पाय ठेवायला जागा मिळाली तर मला सांगा.” मग ठकीकडे बघून म्हणाला, “हिला मी ओळखतो. पहिली येते, पहिली जाते. नंतर दोघी येतात, एक उंच, एक कुरळ्या केसांची. दर वेळी मला विचारतात, आमची मैत्रीण आली का.”

ठकी तिथेच पायरीवर बसली. हसावं की रडावं तिला कळेना. मला मात्र कळलं, मी पोट धरून हसले.

“अकरापर्यंत थांबायचं?” ती म्हणाली. “तुझी झोपेची वेळ होते, आत्या.”

“माझी झोपेची वेळ तुझ्या आतोबांना जन्मभर कळली नाही, तुला काय कळणार?”

त्या भल्या माणसाने माझ्यासाठी आतून पाठ असलेली खुर्ची आणून दिली. खुर्चीवर किती वेळ बसणार? चांगली फरशी, चांगले दिवे, आणि वाया चाललेलं संगीत. मी पदर खोचला. पोछावाल्याने बादली बाजूला घेतली आणि मला वाट करून दिली. ठकी आधी लाजली, मग उठली. तिच्या बापाने टाकलेल्या उजेडात मी इतकी वर्षं उभी राहिले, त्याच्या लेकीबरोबर नाचायला परदेशात यावं लागलं.

अकरानंतर दार उघडलं आणि शिडी आत आली, मागे कुरळी. दोघी जागच्या जागी थांबल्या.

“अगं, तू आहेस?” शिडी म्हणाली. “आम्हाला वाटलं, तुला आम्ही आवडत नाही. येऊन गेले, येऊन गेले, हेच लिहितेस.”

“मी आठला यायचे,” ठकी म्हणाली.

“आठला? आठला तर मी दुपारची झोप काढत असते.”

“आणि ह्या कोण?” कुरळीने विचारलं.

“आत्या. आमच्याकडे सगळे लवकर येतात.”

मग त्यांनी मला मधे घेतलं. त्या पोरींनी माझ्या गुडघ्यांचा मान राखला, मला पाणी आणून दिलं, साडीचा काठ हातात धरून बघितला. दारावरच्या माणसाचे, पोछावाल्याचे, त्या पोरींचे मी किती आभार मानू? टाळ्या मला पुष्कळ मिळाल्या, पण घरची मुलगी अशी हसताना बघायला मिळणं ही निराळी बिदागी.

पहाटे आम्ही चौघी चालत निघालो. कुरळीने माझा हात धरला होता. ठकी बूट हातात घेऊन नुसत्या मोज्यांवर पुढे चालत होती. तेवढ्यात बापाचा फोन आला. आमच्याकडची सकाळ झाली होती, आणि तोही ठरल्या वेळेच्या आधीच.

ठकी म्हणाली, “बाबा, माझं तिकीट काढू नकोस. आत्याचं काढ, पण सोमवारचं. तिचे गुडघे सुजलेत.”