कोरड्या बोअरला फेटा नसतो

गेणूतात्यांचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. पुढं इंदापूरच्या माळावर घर केलं, थोडी जमीन धरली. पण तात्यांचं नाव झालं ते पाणाड्या म्हणून. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानातनं चालायचं, नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायचा. भवानीनगरकडनं, बारामतीकडनं लोक मोटारसायकलवर बसवून न्यायचे.

रीत अशी, की पाणी लागलं की मालक तात्यांना बोलावून फेटा बांधणार, बोअरपाशी उभं करून फोटो काढणार. ते समदे फोटो तात्यांच्या मोबाईलमधी. टपरीवर विषय निघाला की एकेक सरकवत दाखवायचे.

"ह्यात कोरडा बोअर हाय का एक तरी? दावा."

कुणाला दिसायचा न्हाय. तात्या थापाडे नव्हते. त्यांनाही तसंच वाटायचं.

औंदा त्यांनी सोताच्या माळावर पेरूची बाग करायचं मनावर घेतलं. बाग म्हणजे बोअर आला, अन् बोअरसाठी उरलेली मेंढरं विकायची. मेंढरं साखरबाईची, तात्यांच्या बायकोची. तिनंच ती राखलेली. व्यापारी दुसऱ्या दिवशी टेंपो घेऊन यायचा होता. साखरबाईनं भांडून बघितलं, तर तात्यांनी तिच्यापुढं मोबाईल धरला.

"हे बघ. माझा नारळ कधी चुकलाय का?"

ती एकेक फोटो निरखत बसली.

"आवं, समद्या फोटूत तुमच्या मागं ऊसच हाय."

"मग पाणी लागल्यावर ऊसच लावणार की. हुलगं पेरत्याल?"

"पाणी लागलं त्याच दिशी एवढा वाढला व्हय?"

तात्यांनी फोटो बोटानं मोठा करून बघितला.

"आन पाणी लागलं न्हाय, तितला फोटू कुठाय?"

"तितनं मला कोण बोलावतंय?" तात्या बोलून गेले.

पायात वहाणा घालून ते पलीकडच्या वस्तीवर आप्पाकडं गेले. आप्पाला त्यांनीच मागं जागा दाखवली होती.

"आप्पा, तुमच्या बोअरचं काय झालं?"

"धुरळा निघाला, तात्या. मशीनवाला भूत होऊन गेला."

"मग मला कळवायचं न्हाय व्हय?"

"धुरळ्याला फेटा बांधत्यात व्हय? शेजारच्या आबाजीच्या बोअरचंबी तसंच. ह्या माळावर तुमचा एक तरी लागलाय का, मला म्हाईत न्हाय."

तात्या आणखी वस्त्या फिरले. तेच ऐकलं. भवानीनगर-बारामतीकडं, कालव्याखालच्या पट्ट्यात, कुणीही कुठंही भोक पाडलं तरी पाणी लागतं. नारळाचं कौतुक समदं तिथलं.

सकाळी टेंपो आला.

"पावणं, मेंढरं द्यायची न्हाईत," तात्या म्हणाले.

"कबूल केलं हुतं की. दुसरं गिऱ्हाईक घावलं व्हय?"

"न्हाय. बाग ऱ्हायली. माळाला पाणी न्हाय."

"नारळ म्हणला?"

"आप्पा म्हणला."

व्यापारी हसला, टेंपो रिकामा वळवला. तवर साखरबाई मेंढरं घेऊन माळाला लागली होती, परत बोलावतील म्हणून जरा बिगीनंच.

तात्या अजून कालव्याखाली जातात, फेटा बांधून घेतात. माळावरचा कुणी बोलवायला आला तर म्हणतात, "आधी आप्पाला भेटून या." भेटून आलेला माणूस बहुतेक दुसरा पाणाड्या बघतो.