वैशालीच्या हातची पेज

गावातून निघालो तेव्हा जीप दारात उभी होती आणि माझी बायको मंदा मिश्रीची डबी शोधायला पुन्हा घरात गेली होती. गालात आतून पांढरा चट्टा पडला होता, झोंबत होता, तरी तिची मिश्री सुटत नव्हती. निरोपाला जमलेल्यांना मी सांगितलं, "नातवंडं सांभाळायला मुलाकडं भिंगारला चाललोय." खरं तर मंदाच्या उपचारासाठी चाललो होतो, पण कॅन्सर म्हटलं की माणसं मेल्यासारखं बघतात. ती नजर मला मंदावर नको होती.

मुलगा सुप्याच्या कंपनीत पाळीला जायचा. मंदाचं सगळं सून करायची, वैशाली. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले आणि जबडा आखडला. तोंडात चमचा जाईना म्हणून बरेच दिवस नाकातून नळी. ती तुंबू नये म्हणून वैशाली भाताची पेज फडक्यातून गाळायची. नळी निघाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम दिला: दातांत आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक बसवायच्या, हळूहळू वाढवायच्या. मंदाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "आई, एकच वाढवू," वैशाली म्हणायची. "मी सून व्हते तवा सासूनंबी एवढं छळलं न्हाई," मंदा पुटपुटायची आणि तोंड उघडायची. मिश्रीची डबी तिनं आपणहून सुनेच्या हातात दिली.

त्याच सुमारास चुलतभावाची बायको, पारूवहिनी, गावाहून भेटायला आल्या. मंदानं गालावर पदर ओढला. दाढेचं ऑपरेशन झालंय, मी म्हणालो.

"दाढंनं कुनी एवढं वाळतं का, भावजी? सून जेवू घालती का न्हाई?"

मी चहाची बशी तोंडाला लावली. आत वैशाली मंदाची पेज ढवळत होती. बाहेर येऊन तिनं वहिनींना आणखी चहा विचारला, एवढंच. पुढं गावभर झालं, सुनेनं सासूला उपाशी ठेवलं. फोनवर मी ते ऐकत राहिलो. खरं काय ते सांगायला गेलो असतो, तर आजार सांगावा लागला असता.

यंदा तपासणी चांगली निघाली. भाताच्या काढणीला आम्ही सगळे गावी गेलो. पारूवहिनी नव्या तांदळाचा भात घेऊन आल्या. अंगणात चार माणसं होती. मी म्हणालो, "वहिनी, हिला कॅन्सर झालता. मी खोटं बोललो. ही आज बसलीय ती वैशालीमुळं."

पारूवहिनींनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. मग मंदाच म्हणाली, "तोंड माझं आखडलं हुतं, अन् उघडायला येळ तुमाला लागला."

पारूवहिनींनी पातेलं वैशालीपुढं सरकवलं. "तूच कालव बाई. तिला कसा लागतो, ते तुला ठावं."

वैशालीनं भात दुधात मऊ कालवला. मंदानं घास घेतला. लहानच, पण स्वतःच्या हातानं घेतला.

परतीच्या जीपमध्ये वैशालीनं काड्यांची आठवण करून दिली. "आता घरी गेल्यावर," मंदा म्हणाली. मी मागं वळून गावाकडं बघत होतो. ती पुढं, रस्त्याकडं बघत होती.